दोनशे तेरावी खुर्ची

माणूस सुसंस्कृत झाला हे ओळखायची खूण एकच. कुठे बसायचं नाही, हे त्याला कुणी न सांगता कळतं. बसता कुणालाही येतं, मांजरालाही येतं. पण समोर रिकामी खुर्ची असताना, पाय भरून आलेले असताना आणि आसपास कुणी बघत नसतानाही उभं राहणं, याला पिढ्यान् पिढ्यांची मेहनत लागते. डर्बीशायरमधल्या आमच्या ऑल्डरमियर हॉलमध्ये ही मेहनत गेली सव्वातीनशे वर्षं अखंड चालू आहे.

हॉलच्या वस्तुसूचीत एकूण दोनशे बारा खुर्च्या आहेत. त्यांपैकी दोनशे बारा खुर्च्यांवर बसायला मनाई आहे. (कोच, बाकं आणि पलंग धरले तर आकडा दोनशे साठच्या घरात जातो. मनाईचं प्रमाण तेच राहतं.) वाचनालयातल्या एका खुर्चीवर १९११ साली एक बिशप बसले होते, अशी नोंद आहे. बिशप वजनदार होते. त्या खुर्चीचा मागचा डावा पाय तेव्हापासून आजारी आहे आणि वर्षातून दोनदा लंडनहून तज्ज्ञ येऊन त्याला तपासून जातात.

‘बसू नये’ अशी पाटी मात्र तुम्हाला हॉलमध्ये कुठेही दिसणार नाही. पाट्या रेल्वे स्टेशनला शोभतात. आम्ही प्रत्येक खुर्चीच्या गादीवर पाइनच्या झाडाचं एक वाळकं, टोचरं बोंड ठेवतो. बोंड काही बोलत नाही. पाहुणा बोंड बघतो, समजतो, जरासा लाजतो आणि पुढच्या दालनात जातो. कुणाचा अपमान होत नाही. इतक्या गोड रीतीने माणसाला उभं ठेवण्याची पद्धत जगात दुसऱ्या कुणाला साधलेली नाही.

बोंडं ऑक्टोबरमध्ये हॉलच्याच बागेतून वेचली जातात, मंद आचेच्या भट्टीत भाजून किडामुंगीमुक्त केली जातात आणि आकारानुसार वाटली जातात. आरामखुर्चीला मोठं बोंड, कारण तिथे मोहही मोठा. १९७४ साली ठेवलेलं पहिलं बोंड आता स्वतःच ऐतिहासिक वस्तू ठरलं आहे. त्याला कुणी हात लावू नये म्हणून त्याच्या शेजारी दुसरं बोंड ठेवलेलं असतं. काही वर्षांपूर्वी वुल्व्हरहॅम्प्टनचे एक गृहस्थ नजरचुकीने एका बोंडावर बसले. ते ओरडले नाहीत. उठले आणि बोंडाला ‘माफ करा’ म्हणाले. मग दालनातल्या मार्गदर्शकाने त्यांची माफी मागितली, त्यांनी मार्गदर्शकाची मागितली, आणि हा प्रकार चार मिनिटं चालला. इतकी खोलवर मुरलेली सभ्यता पाहिली की ऊर भरून येतो.

बोंडांचं काम माझ्याकडे आहे. मी डेनिस क्रॅबट्री. एकतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं लिहिली आणि निवृत्त झाल्यावर हॉलच्या स्वयंसेवक समितीचा चिटणीस झालो. वेळापत्रक लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बस आली नाही तरी चालतं, ती कागदावर आलेली असली पाहिजे.

घराण्याचा इतिहास थोडक्यात असा. सगळ्या धन्यांचं नाव सर ऑबरी. पहिल्या सर ऑबरींनी हॉल बांधला. तिसऱ्यांनी तो दुप्पट केला, कारण त्यांचा वेस्ट इंडीजमधल्या साखरेशी ‘जुना स्नेह’ होता. (हे शब्द आमच्या माहितीपुस्तिकेतले. ऊस तोडणाऱ्यांचा या स्नेहात काय वाटा होता, ते पुस्तिकेत जागेअभावी आलेलं नाही. त्याच पानावर घोड्यांची नावं आहेत.) पाचव्या सर ऑबरींना जेवणघराच्या खिडकीतून गाव दिसायचं. धूर, कोंबड्या, वाळत घातलेले कपडे. त्यांना अन्न गोड लागेना, म्हणून त्यांनी गाव उचलून टेकडीपलीकडे नेऊन ठेवलं. चर्च तेवढं जागच्या जागी ठेवलं, कारण ते देखणं होतं. सध्याचे सर ऑबरी अकरावे. ते पूर्वेकडच्या तीन खोल्यांत एक विजेची शेगडी आणि ट्रफल नावाची लॅब्रॅडॉर कुत्री यांच्यासह राहतात, आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव खोल्या बुधवार ते रविवार लोकांना दाखवतात.

त्या टेकडीपलीकडे नेऊन ठेवलेल्या गावातली विनिफ्रेड हॅलम. वय शहाऐंशी. पंधराव्या वर्षी ती मोलकरीण म्हणून हॉलमध्ये आली आणि शेवटचे नोकर काढले तोपर्यंत, म्हणजे १९८३ पर्यंत, राहिली. त्यानंतर दहा वर्षांपूर्वी ती स्वयंसेवक मार्गदर्शक म्हणून परत आली. दर गुरुवारी आणि शनिवारी ती पिवळ्या दिवाणखान्यात तीन तास उभी राहायची. आमचे बाकीचे मार्गदर्शक छतावरच्या नक्षीबद्दल बोलतात आणि पाहुणे घड्याळ बघतात. विनी मात्र झुंबराचे सहाशे लोलक शिडीवर चढून व्हिनेगरच्या पाण्याने कसे पुसायचे ते सांगायची, आणि दारात गर्दी व्हायची.

मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये ती मला म्हणाली, “डेनिस, बाळा, हा गुडघा आता माझं ऐकेनासा झालाय. एखादं स्टूल बघ ना. कोपऱ्यात ठेवीन, कुणाला दिसणारसुद्धा नाही.”

“अर्ज करावा लागेल, विनी.”

“बसायला अर्ज?”

“तीन प्रतींत.”

“आणि तो उभ्याने लिहायचा का?”

मी नियम दाखवला. मार्गदर्शक पुस्तिका, पान सहा: ‘उभा मार्गदर्शक हाच सावध मार्गदर्शक.’ ज्याला तीन तास उभं राहणं जमत नाही, त्याचं नाव आभाराचं पत्र देऊन यादीतून काढलं जातं.

“म्हणजे घरी बसा म्हणतील,” विनी म्हणाली. “घरी बसायला खुर्च्या आहेत रे माझ्याकडे. चांगल्या चार आहेत. पण त्यांच्याशी बोलू काय? इथे आले की माणसं चार गोष्टी विचारतात. तेवढंच आहे माझं आठवड्याचं. ते घालवू नका म्हणजे झालं.”

अर्ज मीच लिहून दिला. अक्षर माझं चांगलं आहे.

बसण्याच्या या प्रश्नावर समितीच्या चौदा महिन्यांत सात बैठका झाल्या. बैठकीला अर्थातच सगळे बसलेले असत. समितीच्या खोलीत नऊ घडीच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. त्या ऐतिहासिक नसल्यामुळे आरामशीर आहेत. पहिल्या बैठकीत अर्जदार बाईंबद्दल एकमताने सहानुभूती व्यक्त झाली आणि चहा झाला. दुसऱ्या बैठकीत सहानुभूतीची नोंद वाचून कायम करण्यात आली. तिसऱ्या बैठकीत मी भीत भीत सुचवलं की या नऊ खुर्च्यांतली एक खाली नेऊन ठेवली तर?

अध्यक्षा मिसेस ऑर्मरॉड माझ्याकडे मायेने बघून हसल्या. “डेनिस, तुम्ही किती साधे आहात हो! पिवळ्या दिवाणखान्यात निळं प्लास्टिक? लोकांना वाटेल, इथे कुणी राहतं.”

सूचना मी मागे घेतली. नोंदवहीत ती आली नाही. नोंदी मीच लिहितो.

चौथ्या बैठकीत एक आशेचा किरण दिसला. नियमांच्या परिशिष्टात असं कलम निघालं की हॉलच्या इतिहासाशी थेट संबंध असलेल्या व्यक्तीसाठी त्या काळाला साजेशी बैठकव्यवस्था करता येते. आता फक्त विनिफ्रेड हॅलम या व्यक्तीचा हॉलच्या इतिहासाशी संबंध होता, एवढं सिद्ध व्हायला हवं होतं. मी नोकरांच्या हजेरीच्या वह्या काढल्या. १७९१ पासूनच्या सगळ्या, कातडी बांधणीच्या. विनिफ्रेड हॅलम हे नाव त्यांत कुठेही नव्हतं.

१९५२ ते १९८३ या काळात दुसऱ्या क्रमांकाच्या मोलकरणीच्या जागी एकच नाव होतं. एम्मा. त्याआधीही एम्मा, त्याच्याही आधी एम्मा. वह्यांप्रमाणे एम्मा नावाच्या या बाईने ऑल्डरमियर हॉलमध्ये सलग एकशे ब्याण्णव वर्षं काम केलं. मध्ये नऊ वेळा लग्न ठरल्यामुळे तिने नोकरी सोडली, तीनदा क्षयाने वारली, आणि प्रत्येक वेळी पुढच्या सोमवारी सकाळी सहाला कामावर हजर होती. (एका विद्यापीठातले गृहस्थ ग्रामीण नोकरवर्गाच्या दीर्घायुष्यावर प्रबंध लिहीत आहेत. त्यांनी ही आकडेवारी मागून नेली आहे.)

मी विनीला विचारलं.

“अरे, मीच की एम्मा,” ती म्हणाली. “माझ्या आधी पेगी स्लॅक एम्मा होती. तिच्या आधी तिची मावशी. पहिल्याच दिवशी थोरल्या लेडीसाहेबांनी मला नाव विचारलं. म्हटलं, विनिफ्रेड. त्या म्हणाल्या, ‘फार लांब आहे. दुसरी मोलकरीण ती एम्मा.’ दर वेळी नवं नाव लक्षात ठेवायचं म्हणजे त्यांना केवढा त्रास!”

“तुला काही वाटलं नाही?”

“पंधरा वर्षांची होते मी. वाटायला फुरसत कुठे होती? सातच्या आत अकरा शेगड्या पेटवायच्या. आई मात्र रडली. विनिफ्रेड हे तिच्या आईचं नाव होतं ना.”

इथे पद्धतीची थोरवी लक्षात घ्यावी. धन्यांचं नावही पिढ्यान् पिढ्या एकच असतं, पण त्यांना क्रमांक मिळतो. नवव्या सर ऑबरींना झालेला आजार दहाव्यांच्या नावावर लागत नाही. एम्मांना क्रमांक दिला नाही, त्यामुळे कोण कधी आली आणि कोण कधी गेली हे विचारायचं कुणाला कारणच पडलं नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

पाचव्या बैठकीत समितीने असा निर्णय दिला की एम्मा ही व्यक्ती ऐतिहासिक आहे, याबद्दल दुमत नाही. अर्जदार विनिफ्रेड हॅलम ही ती व्यक्ती असल्याचा लेखी पुरावा मात्र नाही. प्रकरण धन्यांच्या मतासाठी पाठवण्यात आलं.

धन्यांचं मत गुरुवारी दुपारी स्वतः चालत आलं. सर ऑबरी ट्रफलला घेऊन पिवळ्या दिवाणखान्यात शिरले. ट्रफलने एक बोंड नाकाने खाली ढकललं आणि ती १७६० सालच्या रेशमी खुर्चीवर चढून अंगाचं मुटकुळं करून पडली. तिला उठवण्याचा प्रश्न नव्हता. पान नऊ: ‘कुटुंबीयांना बोंड लागू नाही.’ तिच्या शेजारी विनी उभी होती, एका हाताने भिंत धरून.

“अरे वा, एम्मा!” सर ऑबरी म्हणाले. “अजून आहेस तू!”

“आहे की, साहेब.”

“हिने मला कडेवर घेऊन अख्खी बाग दाखवलीय, बरं का क्रॅबट्री. ही म्हणजे आमच्या अगदी कुटुंबातलीच. काय म्हणतेस, काही हवंय का तुला?”

“बसायला खुर्ची हवीय, साहेब.”

“खुर्ची!” सर ऑबरी खदखदून हसले. “इथे शेकड्यांनी पडल्यात.”

“दोनशे बारा,” विनी म्हणाली. “पुसल्यात मी.”

“बरोबर, बरोबर. आपण याचं नक्की काहीतरी केलंच पाहिजे,” असं म्हणून सर ऑबरी निघून गेले. आमच्याकडच्या थोर माणसांच्या भाषेत ‘नक्की काहीतरी केलंच पाहिजे’ याचा अर्थ विषय संपला असा होतो. विनीला तो कळत होता. मलाही कळत होता. मी पुन्हा पान नऊ काढून पाहिलं. ‘कुटुंबातली’ आणि ‘अगदी कुटुंबातलीच’ यांत फरक आहे. पहिली बसते.

पण विषय संपला नाही, कारण मध्ये एक पाहणी झाली. पाहुण्यांना हॉलमध्ये सर्वांत जास्त काय आवडलं, या प्रश्नाला एकसष्ट टक्के लोकांनी ‘नोकरांचं स्वयंपाकघर’ असं उत्तर दिलं, बावीस टक्क्यांनी ‘केक’ आणि चार टक्क्यांनी ‘सर ऑबरींचे पूर्वज’. समितीला एकाएकी गरिबांचा उमाळा आला. सहाव्या बैठकीत मिसेस ऑर्मरॉड यांचे डोळे पाणावले. सातव्या बैठकीत ठराव मंजूर झाला की हॉलच्याच बागेतल्या ओकच्या लाकडाची, जुन्या पद्धतीची, हाताने घडवलेली एक खुर्ची पिवळ्या दिवाणखान्यात ठेवावी, आणि तिला एम्माची खुर्ची म्हणावं.

मी धावतच विनीला सांगायला गेलो. खरं सांगतो, मला मनापासून आनंद झाला होता.

“खरंच?” ती म्हणाली. “पिवळ्या दिवाणखान्यात? मी बसणार?” आणि मग, “त्या खिडकीजवळ ठेव म्हणावं. तिथून आमचं जुनं गाव होतं ती जागा दिसते. एकतीस वर्षं त्या खिडकीच्या काचा पुसल्या, पण बाहेर बघायला कधी थांबले नाही.”

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी समारंभ झाला. विनीने निळा कोट आणि आईचा ब्रोच घातला होता. दीड तास आधी येऊन ती उभी होती. खुर्ची खिडकीजवळच ठेवली होती, पांढऱ्या कापडाखाली. सर ऑबरींनी एम्मा आमच्या अगदी कुटुंबातलीच कशी आहे यावर अकरा मिनिटं भाषण केलं. (कुटुंबातली ट्रफल त्या वेळी कोचावर होती.) मग कापड निघालं. टाळ्या झाल्या.

खुर्ची फार देखणी झाली होती. पाठीवर पितळी पट्टी होती: ‘एम्माची खुर्ची. या घराची १७९१ ते १९८३ अखंड सेवा करणाऱ्या एम्मा हिच्या स्मरणार्थ.’

विनीने काठी भिंतीला टेकवली आणि ती एक पाऊल पुढे आली.

आता इथे जे घडलं ते कुणाच्या दुष्टपणाने घडलं नाही, हे मला नमूद केलं पाहिजे. त्याच सकाळी खुर्चीची हॉलच्या वस्तुसूचीत नोंद झाली होती. क्रमांक दोनशे तेरा. नोंद मीच केली होती. आणि सूचीत आलेली खुर्ची उघडी पडल्याबरोबर तिच्यावर बोंड ठेवायचं, हे काम माझं. बोंड माझ्या खिशात होतं. मला कुणी खूण केली नाही, कुणी खाकरलंही नाही. माझा हात खिशात गेला, बाहेर आला, आणि मी बोंड खुर्चीवर ठेवलं. नीट, गादीच्या मधोमध.

विनी थांबली. तिने बोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोंड उचलायला फक्त हात पुढे करायचा होता. दिवाणखान्यात चाळीस माणसं होती, आणि उचलणं नियमात नव्हतं. मिसेस ऑर्मरॉड टाळ्या वाजवत होत्या. सर ऑबरी केककडे निघाले होते.

विनीने वाकून पितळी पट्टी वाचली. बोट फिरवत, सावकाश.

“ही तर एम्माची आहे,” ती म्हणाली. “बिचारी केव्हाची उभी असेल. बसू दे तिला.”

तिने काठी घेतली आणि भिंतीतल्या नोकरांच्या दाराने ती बाहेर पडली. मी थोड्या वेळाने मागे गेलो. नोकरांच्या मागच्या जिन्याची तिसरी पायरी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. विनी तिथे बसली होती, गुडघा चोळत. एकतीस वर्षं ती शेगड्या आणि न्याहारी यांच्यामधली पाच मिनिटं तिथेच बसायची, तिच्या आधी पेगी बसायची, त्याच्या आधी पेगीची मावशी. त्या पायरीवर बोंड नव्हतं. तिथे कधी कुणी बसलं असेल, असं हॉलच्या कोणत्याच कागदात नाही.

“विनी, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“चुकलं कुठे?” ती म्हणाली. “अगदी मधोमध ठेवलंस की.”

त्यानंतर ती आली नाही. आभाराचं पत्र समितीच्या वतीने मीच लिहिलं. हजेरीच्या वहीतलं नाव वापरायचा नियम असल्याने त्यावर ‘प्रिय एम्मा’ असं लिहावं लागलं. ते परत आलं, ‘या नावाचं इथे कुणी नाही’ असा शेरा घेऊन. अक्षर विनीचं होतं.

एम्माची खुर्ची आज हॉलमधली सर्वांत लोकप्रिय वस्तू आहे. पाहुणे तिच्यासमोर हळवे होतात, फोटो काढतात आणि अभिप्रायाच्या वहीत लिहितात की त्या काळी माणसं माणसांशी कशी वागायची, वाचून अंगावर काटा आला. चौऱ्याण्णव टक्के लोकांना त्या काळाची चीड येते. ही चीड येत असताना त्यांच्या शेजारी आमच्या नव्या मार्गदर्शक बाई उभ्या असतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा डावा खुबा दुखतो. त्यांचा अर्ज पहिल्या बैठकीपुढे आहे.

तुम्हालाही चीड आली असेल. यायलाच हवी. तुमची गणना चौऱ्याण्णव टक्क्यांत करून टाकतो. तुम्ही हे बसून वाचत असणार, तेव्हा उठायचा त्रास घेऊ नका. बसल्या जागेवरून फक्त मान वळवा आणि या घटकेला तुमच्या घरात उभं कोण आहे ते बघा. धुणंभांड्याला आलेली असेल तर तिला तुम्ही ‘मावशी’ म्हणता आणि ती तुमच्या अगदी घरातलीच आहे. ओट्यापाशी उभी असलेली खरंच घरातली असेल तर लग्नाच्या दिवशी तांदळात तिचं नवं नाव लिहिताना तुम्ही हौसेने फोटो काढला होता, किंवा तुमच्या वडिलांनी काढला होता. त्याआधी तिला काय म्हणत असत? आठवून बघा. नाहीच आठवलं तर मनाला लावून घेऊ नका. आमच्याही वहीत नव्हतं.